पूल म्हटला की कमानीच का शोधायच्या?
मराठवाड्यातले जुने दगडी पूल कोणते, असं विचारलं की छत्रपती संभाजीनगरातल्या (औरंगाबाद) खाम नदीवरच्या मकाई, महमूद आणि बारापुल्ला दरवाज्यांच्याच पुलांची नावं येतात. ती हवीतच, पण यात दोन भर घालतो.

पहिला देवगिरी (दौलताबाद) किल्ल्याचा. बालेकिल्ल्याभोवती कातळ तासून खोल खंदक काढलाय, त्यावर आज आपण लोखंडी पुलावरून जातो. तिथेच कठड्याला टेकून खाली बघा, जुना दगडी पूल दिसेल. अरुंद, आणि दोन्ही टोकांना पायऱ्या, म्हणजे मधला भाग मुद्दाम खाली ठेवलेला. शत्रू आला की खंदकातलं पाणी वाढवायचं, मधला भाग बुडाला की वाट बंद. उचलायचा पूल नको, साखळदंड नकोत. बहुतेक लोक इथे सेल्फी काढून थेट अंधारीकडे, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेकडे, पळतात, खाली कुणी बघत नाही.

दुसरा नळदुर्गचा. याला बंधारा म्हणतात हे मान्य, पण बोरी नदीवरून किल्ल्यातून पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्यात जायची वाटही त्याच्याच माथ्यावरून आहे, म्हणून माझ्या हिशेबी तो पूलही ठरतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये काळ्या दगडात बांधला. बंधाऱ्याच्या पोटात दालन आहे, तो पाणीमहाल. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पडणारे नर-मादी हे दोन धबधबे सुरू झाले की खिडकीसमोरून पाणी कोसळतं आणि आत उभा माणूस कोरडा! जायचं तर भर पावसाळ्यातच जा.