संबळाच्या ठेक्यावर हाऊस ट्रॅक केलाय, पुढं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. दोन वर्षांपासून घरी लॅपटॉपवर हाऊस, टेक्नो (क्लबमध्ये नाचायला वाजतं ते इलेक्ट्रॉनिक संगीत) बनवतो. इकडं डीजे म्हणजे वरात नाहीतर मिरवणूक. लोक मनापासून नाचतात, पण नवा ट्रॅक ऐकवायला जागाच सापडत नाही.

हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या ३०३ (बेस सिंथेसायझर) आणि ८०८ (ड्रम मशीन) या यंत्रांच्या साथीनं राग वाजवले. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही, आज जगभरचे डीजे त्यांना मानतात. त्यांचं ऐकूनच मला हिंमत आली.

तुळजापूरला गोंधळी काकांना विचारून संबळ रेकॉर्ड केलं. अडचण अशी की गोंधळाची लय चढत जाते आणि माझी किक (ड्रमचा मुख्य ठोका) १२४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांवर ठाम. संबळ ताणून किकवर बसवलं की त्यातला जीवच जातो. उलट किकलाच हळूहळू चढवावं का? कुणी असं केलंय का?

दुसरं, पुण्यात नवख्यांना सुरुवातीचा तासभर देणारे क्लब कोणते? त्यांना एकच ट्रॅक पाठवू की तासाचा सेट? संभाजीनगर, नांदेडकडं कुणी असं संगीत करत असेल तर जरूर सांगा, मी भेटायला येतो.