मदत हवी आहे: पेटीवरून पियानोवर आले, रेकॉर्डिंगमध्ये डावा हात आदळतो

नमस्कार मंडळी,

लहानपणापासून पेटी वाजवते. दोन वर्षांपूर्वी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि एका बाईंकडे शिकायला लागले. गेले चार महिने जर्मन संगीतकार बाखचा सी मेजरमधला प्रेल्यूड (छोटी रचना) बसवतेय, १७२२च्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' या त्याच्या संग्रहातला पहिलाच. आता न अडखळता पूर्ण होतो.

तो मला अण्णांना ऐकवायचाय. ते सांगलीला असतात, वय ८१, प्रवास झेपत नाही. भजनी मंडळात तीस-एक वर्षं त्यांनी पेटीची साथ केली, माझी बोटं त्यांनीच बसवली. म्हणून मोबाइल पियानोवर ठेवून व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट केली आणि पाठवली. रात्री त्यांचा फोन आला, "अगं, डावा हात ढोल बडवतोय, उजवा कुठाय?"

मी पुन्हा ऐकलं तर खरंच तसं. चोविसाव्या बारपासून (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक तुकडा) आठ बार खाली पंचमच धरलेला आहे, दर बारला दोनदा. तो सोळाही वेळा दणकतो आणि वरचे नाजूक सूर गायब. शिवाय पट्ट्यांची खटखट. वाजवताना मला यातलं काहीच ऐकू येत नाही! अण्णांना मंद सूर आताशा कमी ऐकू येतात, त्यामुळे हे नीट व्हावं असं फार वाटतं.

दोष हाताचा की मोबाइलचा, हे कसं ओळखायचं? माइक घ्यावा का? खर्च चार-पाच हजारांच्या आत बसवायचाय. आणि एक शंका: माझ्या जुन्या पुस्तकात ३६ बार आहेत, बाईंच्या पुस्तकात ३५. कोणतं बरोबर?

प्रतिसाद

ताई, मीही पेटीवरूनच आलो, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे. पेटीवर डावा हात भात्यावर, पट्टी दाबून ठेवली की सूर टिकतो, आणि लहानमोठा आवाज भाता ठरवतो. पियानोवर सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. तो टिकावा म्हणून आपण नकळत जोरात मारतो. पंचमावर तुमचं हेच होत असणार.

खात्री करायला माइक लागत नाही. पियानोवर रेकॉर्डचं बटण असेल तर त्यातच वाजवा आणि मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐका. तिथेही पंचम दणकला तर हात. तिथे ठीक वाटला तर मोबाइल. माझा अंदाज, दोन्ही.

व्हॉइस नोट बोलण्यासाठी असते. मोबाइल हळू आवाज आपोआप वर उचलतो, मोठा दाबतो, म्हणून तुमचा चढ-उतार सपाट होतो. शिवाय पियानोवरच ठेवल्यावर खटखट येणारच. माइक नका घेऊ. हेडफोनच्या भोकातून वायर काढून साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी छोटी डबी) घाला आणि तो कॉम्प्युटरला जोडा. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी सगळ्यात जोराचा भाग वाजवून पातळी लावा, काटा लाल रेषेच्या बराच खाली राहू द्या. पंखा, कुकर, काही मध्ये येत नाही. फाईल अण्णांना डॉक्युमेंट म्हणून जोडा आणि त्यांना हेडफोनवर ऐकायला सांगा.

बार ३५च. बाविसाव्यानंतरचा जास्तीचा बार बाखचा नाही, नंतर श्वेंके नावाच्या माणसाने घातलेला आहे. जुन्या छापील प्रतींत तो राहून गेला.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल रात्री पियानोतलंच रेकॉर्डिंग लावून दारापाशी उभी राहिले. पंचम आदळतोच. पण वरचे सूर मात्र सगळे ऐकू आले, म्हणजे तुमचा अंदाज बरोबर. आज नुसता डावा हात घेतला आणि ते आठ बार इतक्या हळू वाजवले की पट्टी खाली गेल्याचं बोटालाच कळावं. बाराव्या-तेराव्या खेपेला जमल्यासारखं वाटलं, उजवा हात आला की पुन्हा बिघडतं. जुन्या पुस्तकातला तो जास्तीचा बार पेन्सिलीने खोडला.

इंटरफेस रविवारी आणते. अण्णांना फाईल पाठवली की इथे कळवते.