जुन्या जे/२४ चा डेक पायाखाली दबतोय. वरून मॅट मारू की उघडू?

शिडाचा_नाद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात होतं, शेवटी एक जुनी जे/२४ घेतली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: २४ फुटी फायबरची शिडाची बोट, रॉड जॉनस्टन यांचं डिझाइन, १९७७ पासून बनते आहे आणि जगभरात ५,००० च्या वर बनल्या आहेत. माझी ऐंशीच्या दशकातली. आधीच्या मालकांनी शर्यती सोडल्या आणि ती मांडव्याजवळ एका आवारात लोखंडी घोडीवर चढवून ठेवली. वरची ताडपत्री केव्हाच फाटलेली.

अडचण अशी की डोलकाठीच्या उजव्या अंगाला डेकवर पाय दिला की तो दबतो आणि चर्रर्र असा आवाज येतो. रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी गेलकोटला (फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर) बारीक तडे आहेत. आत शिरून पाहिलं तर बल्कहेडच्या (बोटीच्या आतली आडवी भिंत) प्लायला, जिथे चेनप्लेट (डोलकाठीच्या बाजूच्या तारा जिला बांधतात ती पट्टी) बोल्ट केली आहे तिथे, काळसर ओघळ दिसतात. जवळच्या एका फायबरवाल्याने बघून सांगितलं, "साहेब, वरून दोन थर मॅट मारतो, गेलकोट मारतो, आठवड्यात नवी करून देतो." (मॅट म्हणजे रेझीनने चिकटवायची काचतंतूंची चादर.) भाव परवडण्यासारखा आहे.

मला शर्यती करायच्या नाहीत. घरच्यांना घेऊन मांडवा, काशीद, जमलंच तर मुरूड. पैसे मोजकेच आहेत आणि ते फर्लर (शीड गुंडाळायचं साधन), नवी शिडं आणि इलेक्ट्रिक आउटबोर्डवर (मागे लावायची मोटर) घालायचा विचार होता. मे अर्धा संपला. काम आत्ताच उरकून घेऊ की पावसाळ्यानंतर?

करंजाकर

आमच्याकडे बोटी शाकारायची तयारी सुरू झाली. १ जूनपासून मासेमारी बंद. तुम्हीही आधी बोट झाका, बाकी सगळं नंतर. फक्त गच्च गुंडाळू नका. ताडपत्रीखाली मधोमध बांबू आडवा टाका, दोन्ही टोकं उघडी ठेवा, वारा खेळला पाहिजे. बंद करून ठेवलेली बोट श्रावणात उघडली की आत बुरशीचा असा भपकारा येतो की दोन दिवस आत बसवत नाही.

रेझीनवाला

नाद साहेब, त्या माणसाला वरून मॅट मारू देऊ नका. मी पाण्याच्या टाक्यांपासून मच्छीमार बोटींपर्यंत फायबरचंच काम केलंय, त्यामुळे हे काम कसं उरकतात ते मला माहीत आहे.

जे/२४ चा डेक भरीव फायबरचा नाही. वर फायबरचा पापुद्रा, खाली पापुद्रा आणि मध्ये बाल्सा लाकूड. हलकं आणि ताठ, म्हणून बोट पळते. बाल्साचे ठोकळे तंतू उभे ठेवून लावतात, त्यामुळे लाकडातून पाणी आडवं लवकर सरकत नाही. पण डेकच्या वळणावर बसावं म्हणून बाल्साच्या पत्र्याला चिरा पाडलेल्या असतात, आणि त्या चिरांत रेझीन नीट भरलेलं नसलं की पाणी तिथूनच वाट काढतं. आत शिरतं ते बोल्टच्या भोकांतून. खांब, ट्रॅक, क्लीट, विंच, जे जे डेकला भोक पाडून बसवलंय ते सगळं संशयित.

वरून मॅट मारल्याने काय होणार? कुजलेलं लाकूड आणि पाणी दोन्ही आत बंद. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझीन पिऊन चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास जातो. दोन थरांचे तीन किलो. हे वजन उंचावर, जिथे शिडाच्या बोटीला ते अजिबात नको. आणि जुन्या पॉलिएस्टरवर (फायबरकामातलं नेहमीचं रेझीन) नवं पॉलिएस्टर फक्त चिकटतं, एकजीव होत नाही. त्याखालचा गेलकोट घासून काढला नसेल तर तेवढंही नाही.

आता तुम्ही स्वतः करायचं काम. एक रुपयाचं नाणं घ्या आणि सगळा डेक वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, पापुद्रा सुटलेला असेल तिथे बद्द. पेन्सिलने रेघ मारत जा. मग दबणाऱ्या जागेजवळचे दोन-तीन बोल्ट काढा आणि भोकात वाकडी केलेली तार फिरवून आतलं लाकूड खरवडून बाहेर काढा. कोरडं पिवळट आलं तर सुटलात. काय निघतं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.

फर्लर आणि मोटर तूर्त विसरा.

ॲनापोलिसकर

रेझीनवाल्यांशी सहमत, फक्त एक भर. मी अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठावर राहतो. इकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बोटी स्वस्तात मिळतात आणि त्यांतल्या निम्म्याअधिक विकायला काढलेल्या असतात त्या ओल्या डेकपायीच. इथे बरेच जण भोकं पाडून सिरिंजने पातळ एपॉक्सी (जास्त पक्कं चिकटणारं रेझीन) आत सोडतात. सगळा डेक कापण्याआधी तो उपाय करून बघायला काय हरकत आहे? डेक कापायचा म्हटलं की हौशी माणूस घाबरून बोटच विकून टाकतो.

रेझीनवाला

हरकत आहे. लाकडाने पाणी पिऊन जागा भरलेली असताना एपॉक्सी जाणार कुठे? सुकलेल्या लाकडात आणि नुसत्या सुटलेल्या पापुद्र्यात तो उपाय चालतो, मी केलाय. कुजलेल्यात नाही. वरून कडक लागतं आणि वर्षभरात शेजारची जागा दबायला लागते.

शिडाचा_नाद

ठोकून पाहिलं. बद्द आवाजाचा पट्टा डोलकाठीपासून उजव्या चेनप्लेटपर्यंत सलग आहे, साधारण दोन फूट बाय सव्वा फूट. डावीकडे फक्त एका खांबाभोवती हातभर. बोल्ट काढल्यावर उजवीकडच्या भोकातून तपकिरी पाणी आलं आणि तारेला ओला चोथा लागला. उसाच्या चरकातून निघतो तसा, फक्त काळा. डावीकडे लाकूड ओलसर, पण अजून टणक. बल्कहेडमध्ये स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर चेनप्लेटच्या खालच्या बोल्टापाशी पाऊण इंच आत गेला.

रेझीनवाला

म्हणजे चेनप्लेटच्या फटीतून पाणी डेकमध्येही गेलं आणि बल्कहेडवरूनही खाली उतरलं. डेक दबला तर तुम्ही वैतागाल. चेनप्लेट सुटली तर डोलकाठी डोक्यावर येईल, कारण बाजूच्या तारांचा सगळा ताण त्या प्लायवर आहे. म्हणून बल्कहेड आधी.

प्लाय घेताना "मरीन आहे साहेब" यावर जाऊ नका, पत्र्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा. कडा एपॉक्सीने तीनदा पाजून घ्या. चेनप्लेट काढून डेकच्या जाडीत जो भाग लपलेला असतो तो भिंगाखाली बघा. स्टेनलेसला हवा मिळाली नाही की तिथेच गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि तिथूनच तडा जातो. शंका आली तर नवी करून घ्या, ३१६ ची, आणि पत्र्याचं सर्टिफिकेट मागा. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ३१६ आहे" म्हणेल. ३०४ लाही चिकटत नाही. तारा किती जुन्या आहेत हे कोणी सांगू शकत नसेल तर त्या बदलायच्याच.

डेकचं उजवं काम: वरचा पापुद्रा कापायचा. न घसरणाऱ्या खडबडीत पट्ट्याच्या कडेला जी गुळगुळीत रेघ असते तिथून कापा, म्हणजे जोड नंतर दिसत नाही. ग्राइंडरला पातळ चकती, खोली फक्त पापुद्र्याएवढी, खालचा कापलात तर काम दुप्पट. पापुद्रा अखंड काढा, तोच परत लावायचा आहे. चोथा खरवडा, चांगलं लाकूड लागेपर्यंत मागे जा. हे सगळं जूनपूर्वी, आणि मग बोट करंजाकर म्हणाले तशी झाकून, कापलेला डेक उघडाच सोडा. पावसाळ्यात खास सुकणार नाही, पण निथळेल. खरं सुकेल ते ऑक्टोबरच्या उन्हात.

रेझीनचं काम दिवाळीच्या आसपास. दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने धुवायचा आणि मग घासायचं. नुसतं घासलं तर तो आणखी पसरतो. आणि एपॉक्सीबरोबर साधी मॅट नको. मॅटचे तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट कडकच राहते. विणलेलं किंवा बायअॅक्सियल (दोन दिशांच्या तंतूंचं) कापड घ्या. जोडाच्या कडा तिरप्या घासा, उताराची लांबी पापुद्र्याच्या जाडीच्या बारापट ठेवा. पापुद्रा ३ मिलीमीटर असेल तर ३६ मिलीमीटर.

डावीकडे कापू नका. भोकं मोठी करा, आतलं लाकूड अर्धा इंच कोरा, सुकू द्या, सिलिका घातलेलं घट्ट एपॉक्सी भरा आणि त्यात पुन्हा बोल्टाचं भोक पाडा. मग बोल्ट गळला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. हे डेकवरच्या प्रत्येक बोल्टाला करायचंय. कंटाळवाणं काम आहे, पण तुमचे पैसे खरे वसूल होणार ते इथेच. रंग पांढराच ठेवा. आपल्या उन्हात गडद डेक एवढा तापतो की साधं एपॉक्सी मऊ पडायला लागतं.

ॲनापोलिसकर

सिरिंजचा मुद्दा मागे घेतो, त्या चोथ्यात काही राहिलेलं नाही. बोल्ट बसवताना सिलिकॉन नको, ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) वापरा. डिसेंबरात मुंबईला येतोय, चार रोल आणतो. आणि कीलच्या (बुडाखालचं जड पातं) वरची पोकळी तपासा. जुन्या जे/२४ मध्ये तिथे व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे) मिसळलेलं रेझीन भरलेलं असायचं, ते पाणी पितं. कील आणि बोटीच्या जोडावर तडा दिसत असेल तर तेही खरवडून काढावं लागेल.

शिडाचा_नाद

जोडावर तडा आहे. फर्लर गेला म्हणायचा. आता एकच विचारतो: काम त्याच फायबरवाल्याकडून करून घेऊ का? माणूस सरळ वाटतो, हातही बरा आहे.

रेझीनवाला

घ्या की. हात बरा असेल तर बाकीचं सांगता येतं. फक्त दोन गोष्टींवर उभे राहा. पॉलिएस्टरवाल्यांना हार्डनर अंदाजाने कमी-जास्त करायची सवय असते, ऊन बघून. एपॉक्सीत ते चालत नाही, प्रमाण चुकलं तर आयुष्यभर चिकट राहतं. वजनकाटा तुम्ही न्या. दुसरं, बाकी कुठे पॉलिएस्टर वापरलंच तर कोबाल्ट (रेझीन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच नाही, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये ढवळायचं, दोन्ही बाटल्या लांब ठेवायच्या.

मजुरी रोजावर ठरवा. चौरस फुटाचा भाव ठरवलात तर उतार कोणी घासत बसणार नाही. कीलच्या जोडाचे फोटो टाका, पट्टी ठेवून.