दोन नोडचा फेलओव्हर क्लस्टर काढायचाय, नुसतं रिमूव्ह दाबलं तर चालेल का?

सर्व्हररूम_सांगली
मंडळी, जरा मदत हवीय. आमच्याकडे विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर दोन नोडचा क्लस्टर आहे, म्हणजे दोन सर्व्हर, एक पडला की दुसरा काम उचलतो. मागे सॅन (दोघांचं सामायिक स्टोरेज), त्यावर एक फाइल सर्व्हर रोल (क्लस्टर चालवतो ती सेवा) आणि एक एसक्यूएल, विटनेसची (क्लस्टरमध्ये मत देणारी) डिस्क वेगळी. या ओएसचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला त्यामुळे ऑडिटवाले मागे लागलेत. एसक्यूएलचे डेटाबेस नव्या मशीनवर गेलेत आणि तिकडे व्यवस्थित चालू आहेत, पण फाइल सर्व्हर नवीन स्टोरेज येईपर्यंत याच दोनपैकी एका नोडवर साधा, बिनक्लस्टरचा ठेवायचाय. क्लस्टर मॅनेजरमध्ये रोलवर राइट क्लिक केलं की रिमूव्ह दिसतं, ते दाबायचं आणि शेवटी डिस्ट्रॉय क्लस्टर, एवढंच ना? की डेटा उडेल? शनिवारी रात्रीचा डाउनटाइम मिळालाय.

डीबीए_काका
एसक्यूएलच्या रोलवर रिमूव्ह अजिबात दाबू नकोस रे बाबा. तो रोल एसक्यूएलच्या सेटअपने बसवलाय, काढायचाही त्यानेच. सेटअप उघड, मेंटेनन्समध्ये जा, तिथे रिमूव्ह नोड असं ऑप्शन आहे, आधी पॅसिव्ह म्हणजे नुसत्या थांबलेल्या नोडवर चालव आणि मग ज्याच्यावर एसक्यूएलचा इन्स्टन्स चालू आहे त्याच्यावर. मॅनेजरमधून रोल आधी उडवलास तर नंतर अनइन्स्टॉल करताना सेटअप क्लस्टरमधले रिसोर्स शोधत बसतं, ते सापडत नाहीत आणि मग रजिस्ट्री साफ करत रविवार जातो.
आणि डेटाबेस नव्या मशीनवर गेले म्हणतोस, पण लॉगिन आणि जॉब गेलेत का? ते डेटाबेसबरोबर जात नाहीत, मास्टर आणि एमएसडीबी या एसक्यूएलच्या सिस्टीम डेटाबेसमध्ये असतात, त्यांचा बॅकअप घेऊन ठेव. माझं ऐकशील तर हा रोल आजच नुसता ऑफलाइन कर आणि शनिवारपर्यंत तसाच राहू दे. जुन्या नावाने कनेक्ट होणारा एखादा रिपोर्ट असतोच कुठेतरी, तो आपोआप बोंबलेल.

क्लिक_क्लिक
एवढा कशाला व्याप, एक नोड फॉरमॅट मारा, दुसऱ्यावर रोल रिमूव्ह करा, झालं.

लन_वाला
@क्लिक_क्लिक फॉरमॅट मारल्याने क्लस्टरला कळत नाही की नोड गेला, तो यादीत डाउन म्हणून लोंबकळत राहतो, शेवटी एव्हिक्ट (क्लस्टरमधून बाहेर) करावंच लागतं. मग आधीच नीट एव्हिक्ट करा की.

सांगलीकर, तुमचा खरा जीव फाइल सर्व्हरच्या डिस्कमध्ये आहे. रोल रिमूव्ह केला की डिस्क अव्हेलेबल स्टोरेजमध्ये जाते, त्यावरच्या फाइली आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) परवानग्या जागेवरच राहतात, पण शेअर (नेटवर्कवरून उघडायचे फोल्डर) जातात. आणि लोक इथेच फसतात, नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की लॅनमनसर्व्हरची (विंडोजच्या फाइल शेअरिंग सेवेची) रजिस्ट्री की एक्स्पोर्ट करा, शेअर परत येतील. क्लस्टरमधले शेअर त्या कीमध्ये नसतातच, ते क्लस्टरच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत असतात! म्हणून रोल चालू असतानाच, ज्या नोडकडे तो आहे त्याच नोडवर पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीशेअर आणि गेट-एसएमबीशेअरॲक्सेस चालवून सगळं फाइलमध्ये उतरवून घ्या, नाव, पाथ, कोणाला काय परवानगी. ड्राइव्ह लेटर आणि डिस्कचा सीरियल नंबरही लिहून ठेवा. बॅकअप घेतलाय हे गृहीत धरतो, रिस्टोअर करून बघितलाय का ते तुमचं तुम्ही बघा.

मग रोल काढा, पण डिस्क क्लस्टरमधून काढायच्या आधी जो नोड जाणार आहे तो एव्हिक्ट करून स्टोरेजवाल्याकडून त्याचं लन मॅपिंग (सॅनवरची डिस्क त्या नोडला दिसण्याची जोडणी) काढून घ्या. हे सोडू नका. क्लस्टर असतो तोवर एका वेळी एकच नोड लिहितोय हे तोच बघतो, तो गेल्यावर दोन्हीकडे डिस्क ऑनलाइन झाली तर एनटीएफएसची वाट लागते. राहिलेल्या नोडवर डिस्क ऑफलाइन दिसेल, सीरियल नंबर ताडून ऑनलाइन करा, लेटर बदललं असेल तर जुनं द्या. रिझर्व्हेशन (क्लस्टरने डिस्कवर ठेवलेला ताबा) अडकलं असेल तर क्लिअर-क्लस्टरडिस्करिझर्व्हेशन आहे, पण तो डिस्क नंबर दोनदा वाचून मगच एंटर मारा.

शेवटी रिमूव्ह-क्लस्टर, त्याला क्लीनअपएडी जोडून, म्हणजे एडीमधले (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, डोमेनमधल्या मशीन-युजरची नोंदवही) कॉम्प्युटर ऑब्जेक्टही जातात. एव्हिक्ट करताना तो नोड बंद असेल तर नंतर त्याच्यावर क्लिअर-क्लस्टरनोड चालवा, नाहीतर तो स्वतःला अजून क्लस्टरमध्येच समजतो.

सर्व्हररूम_सांगली
काका, तुम्ही म्हणाला तसंच झालं, अकाउंट्सचा एक रिपोर्ट जुन्या नावाने चालत होता, बदलला. बाकी सगळं शनिवारी पार पडलं, शेअरही परत बनवले. फक्त एडीमध्ये फाइल सर्व्हरच्या नावाचा ऑब्जेक्ट राहिलाय, डिलीट केला की ॲक्सेस डिनाइड, डोमेन ॲडमिन असूनसुद्धा. आणि युजरचे मॅप केलेले ड्राइव्ह सगळे त्याच जुन्या नावाने आहेत, शंभरएक मशीन हाताने बदलायची का आता?

लन_वाला
हाताने कशाला. एडी युजर्स ॲण्ड कॉम्प्युटर्समध्ये व्ह्यूमधून ॲडव्हान्स्ड फीचर्स चालू करा, ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीत ऑब्जेक्ट टॅबवर चुकून डिलीट होऊ नये म्हणून टिक असते, ती काढली की डिलीट होईल. डीएनएसमधली त्या नावाची जुनी नोंदही काढा. त्यानंतरच राहिलेल्या नोडला नेटडॉम कॉम्प्युटरनेम ॲडने जुनं नाव जादाचं म्हणून द्या. ऑब्जेक्ट असताना दिलंत तर एसपीएन (लॉगिनसाठी एडीत असणारी सेवेच्या नावाची नोंद) दोन ठिकाणी होतात आणि लॉगिनची बोंब, सेटएसपीएनला एक्स लावून डुप्लिकेट तपासता येतात. एडीचं रेप्लिकेशन होऊ द्या आणि मग एका मशीनवरून ड्राइव्ह उघडून बघा.