'प्रभूने मला सांगितलं' म्हटलं की चर्चा संपते का?

जालनेकर (धागा सुरू करणारे)
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या भागात घरप्रार्थनेत एक वाक्य फार ऐकू यायलंय: "प्रभूने मला सांगितलं." लग्न असो, नोकरी असो, प्लॉट असो. हे वाक्य उच्चारलं की पुढं कोणी बोलायचं नाही. बोललात तर तुमचा विश्वास कमी. ओळखीच्या एका भावाने प्रार्थनेत दिसलेल्या जागी बोअर घेतला. नुसता फुफाटा निघाला. सावकाराचं व्याज मागं राहिलं. बायकोचे दागिने त्यात गेले, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

देव आजही बोलतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ज्या निर्णयात दुसऱ्याचा पैसा किंवा दुसऱ्याचं आयुष्य गुंतलंय, तो आधी घरच्यांपुढं आणि मंडळीपुढं, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांपुढं, पारखायला ठेवलाच पाहिजे. आत्म्याला विझवू नका आणि सगळ्याची पारख करा, ही दोन्ही वाक्यं प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पाठोपाठ लिहिली. आपण पहिलं तेवढं धरून बसलो. बायबलमधल्या पोरवयाच्या शमुवेलाला रात्री देवाने हाक मारली, तेव्हा त्यालासुद्धा हाक कोणाची ते कळलं नव्हतं. तो तीनदा याजक एलीकडे धावला, आणि हाक परमेश्वराची आहे हे म्हाताऱ्या एलीने ओळखलं.

शेतकरी_परभणी
दादा, बोअरचं खापर प्रार्थनेवर कशाला? आमच्या शिवारात पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरतो. नारळ उभा राहिला की तिथं खूण. त्याचेबी कितीक बोअर कोरडे जातात. खाली सगळा काळा पाषाण, पाणी असलं तर भेगांत नाहीतर मुरमाच्या थरात. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असल्या मुलखात माणूस देवाला जागा विचारणार नाही तर कोणाला विचारणार?

जालनेकर
देवाला विचाराच. भूजल सर्वेक्षणवाल्यांनाही विचारा, त्यानं विश्वास कमी होत नाही. आणि जिचे दागिने गहाण पडणार, तिला सगळ्यात आधी विचारा. माझं दुखणं पाण्याचं नाहीच, तिच्या तोंडाला कुलूप लागलं त्याचं आहे.

वचन_आणि_वाट
मला हे अजिबात पटत नाही. शमुवेलाची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडली. त्या रात्री परमेश्वर जे बोलला, ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होतं. पोराने ते आधी वडीलधाऱ्यांच्या मंजुरीला ठेवायचं ठरवलं असतं तर ते बाहेर आलं असतं का? तुमची मंडळी पारख करणार म्हणजे शेवटी कोण करणार? कमिटीतली तीच चार माणसं. बाईनं "मला सेवेचं पाचारण आहे" म्हटलं की "थांब, प्रार्थना करू" म्हणत वर्षानुवर्षं अडवून ठेवणारीही तीच.

आणि जालन्याचे आहात म्हणून आठवण करून देते. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी तुमच्या जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी गाव वसवलं, त्याचं नाव बेथेल. बायबलमधल्या याकोबाला स्वर्गापर्यंत पोचलेल्या शिडीचं स्वप्न पडलं आणि देव त्याच्याशी बोलला, त्याच जागेचं नाव. आपल्या आधीच्या पिढ्यांना देव स्वप्नात बोलतो याची लाज वाटत नव्हती.

जालनेकर
कमिटीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, मीही पाहिलंय. पण एलीनेच शमुवेलाला बजावलं होतं, काहीही लपवू नकोस. आणि ऐकल्यावर, स्वतःच्या घराविरुद्ध असूनही, त्याने मान्य केलं. मला असा एली हवाय. राहिला याकोब. त्या स्वप्नानंतर त्याने मामा लाबानाकडे वीस वर्षं मेंढरं राखली. स्वप्न दाखवून कोणाची जमीन मागितली नाही.

रात्रपाळी_अंबाजोगाई
तुम्ही दोघं मोठमोठ्या निर्णयांवरच भांडताय. मी नर्स आहे. राऊंड संपवून टेबलाशी बसते, आणि एखाद्या खाटेकडं पुन्हा जावंसं वाटतं. जाते. कधी सलाइन संपत आलेलं असतं. कधी आजी नुसती जागी असते, उशी सरकवून देते, पाणी पाजते. कधी सगळं ठीक असतं, परत येते. माझ्या आयुष्यात प्रभूचं मार्गदर्शन म्हणजे बहुतेक वेळा एवढंच, आणि ते मी कोणापुढं साक्ष म्हणून सांगत नाही. यात कसली पारख? चुकलं तर माझे दहा पावलांचे कष्ट.

संदेष्टा एलीयाला वारा, भूकंप, अग्नी यांत देव भेटला नाही, नंतरच्या मंद वाणीत भेटला, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कोणी वाचत नाही. देवाने त्याला विचारलं, तू इथं काय करतोस? आणि कामाला परत पाठवलं.

वचन_आणि_वाट
ताई, आमेन. हेच म्हणते मी, ही वाणी ओळखायला रोज ऐकावं लागतं, कमिटी लागत नाही.

जालनेकर
खाटेकडं जायला नाहीच लागत. दागिने मोडायला लागते. मी आमच्या घरप्रार्थनेत एवढंच सुचवणार आहे: कोणी "प्रभूने सांगितलं" म्हटलं की ज्याचं नुकसान होऊ शकतं, त्याला त्याच बैठकीत बोलू द्यायचं. बायको असो, भाऊ असो.

वचन_आणि_वाट
चालेल, माझी एक अट धरून. तो नियम पाळकांना आणि वडीलजनांनाही लागू. उद्या ते म्हणाले, "प्रभूने नवीन इमारतीचं सांगितलंय, वर्गणी काढा," तर त्याच बैठकीत मी उठून बोलणार. तेव्हा माझ्या बाजूनं उभे राहाल का?