वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि वेगळा कीबोर्ड : सीपी असलेल्या मुलीसाठी काय घ्यावं?

चैत्रपालवी

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूकडून हालचालींवर नीट ताबा राहत नाही; दोन्ही हातांवर आणि पायांवर परिणाम आहे. समज उत्तम आहे, प्रश्न वाचनाचा आहे. पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही आणि बारीक अक्षरांच्या ओळींमध्ये नजर हरवते. शाळेत एकदा तिला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून दिलं होतं. आवाज पुढे जाईल तसा तो-तो शब्द पडद्यावर रंगतो, ते तिला फार आवडलं. धडा संपेपर्यंत नजर हलली नाही.

घरी लॅपटॉप आहे, पण नेहमीच्या कीबोर्डवर तिची मूठ एका वेळी तीन-चार बटणांवर पडते आणि पडली की लवकर उचलली जात नाही. माउस जमत नाही. म्हणून 'चालू कर', 'थांब', 'परत वाच' हे सगळं मी करते. ती डोळ्यांनी खुणावते, मी दाबते. तिला हे आवडत नाही, मलाही नाही. तिला स्वतःचं स्वतः वाचता यावं एवढीच इच्छा आहे.

मोठ्या बटणांचा कीबोर्ड घ्यावा, कीगार्ड लावावा की एक-दोन स्विच (सुटी, मोठी बटणं) घ्यावेत? आणि सॉफ्टवेअर कुठलं? धडे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत. ज्यांनी हे वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पानोपानी

माझ्या भाच्यासाठी अगदी हेच शोधतोय. धागा वाचत आहे.

हातवळण

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. चैत्रपालवी, खरेदी थोडी पुढे ढकला. आधी तिची बैठक बघा. पाय टेकलेले, कंबरेला आधार, टेबल कोपराच्या उंचीला, एवढं जमलं की बऱ्याच मुलांच्या हातावरचा ताबा तिथेच सुधारतो. अधांतरी बसलेल्या मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. मग हाताला बटण सापडत नाही आणि दोष कीबोर्डला जातो.

नंतर एक साधी चाचणी करा. मोठा कोरा कागद टेबलावर चिकटवा, त्यावर वेगवेगळ्या जागी रंगीत चौकोन काढा आणि कुठल्या चौकोनावर तिचा हात खात्रीने जातो ते टिपून ठेवा. एकदा गेला, हे पुरेसं नाही. थकल्यावरही जायला हवा. शाळेतून आल्यावर करून बघा आणि सकाळीही करा. काही मुलांना डावीकडच्या जागा सोप्या जातात, काहींना फक्त जवळच्या. हात अजिबात भरवशाचा नसेल तर कोपर, गुडघा किंवा डोक्याची बाजूही चालते. लोकांना ते विचित्र वाटतं, पण मुलांना वाटत नाही.

या कागदावरूनच कळेल की तिला किती मोठं बटण हवं, ती किती अंतरावर हवीत आणि एकूण किती झेपतील. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. मुठीने दाबणाऱ्या मुलाला ते पुरणारच नाही.

कीगार्डबद्दल : ही कीबोर्डवर बसणारी, प्रत्येक बटणावर भोक असलेली जाड पट्टी. हात पट्टीवर टेकवून सरकवता येतो आणि बोट भोकात घातल्याशिवाय बटण दाबलं जात नाही. पण त्यासाठी एक बोट किंवा अंगठा वेगळा काढता यायला हवा. मूठ उघडत नसेल तर कीगार्ड उपयोगाचा नाही. तिचा अंगठा बाहेर येतो का?

चैत्रपालवी

उजवा अंगठा येतो, पण नेहमी नाही. ताण वाढला की मूठ बंद होते. कागदाची चाचणी आजच करते.

फळा_खडू

विशेष शिक्षिका म्हणून सांगते, लोक या प्रश्नात एका जागी हमखास अडकतात : 'कीबोर्ड' म्हटलं की शंभर बटणांचा विचार करतात. वाचायला शंभर बटणं लागत नाहीत. वाच/थांब, मागचा परिच्छेद, पुढचा परिच्छेद आणि वेग कमी, वेग जास्त. पाच झाली. यातल्या पहिल्या तीनवरसुद्धा मूल अख्खा धडा स्वतः वाचतं. लिहिण्यासाठी काय वापरायचं हा वेगळा प्रश्न आहे, तो वेगळाच ठेवा. दोन्ही एकाच यंत्रात बसवायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

म्हणून आधी कागदावर लिहा की तिने कोणकोणती कामं स्वतः करायची आहेत. मग ती कामं माउसशिवाय, फक्त बटणांनी होतात असं सॉफ्टवेअर निवडा. कीबोर्ड शेवटी. शाळा बहुतेक वेळा उलटं करतात.

सॉफ्टवेअरमध्ये दोन जाती आहेत, त्यांची गल्लत करू नका. एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडर न दिसणाऱ्यांसाठी आहेत. ते मेनू, बटणं, खिडक्या सगळं बोलतात. तुमच्या मुलीला दिसतं, तिला फक्त मजकूर ऐकायचा आहे आणि शब्द रंगलेला बघायचा आहे. तिला सतत 'बटण, मेनू, दुवा' ऐकवलं तर ती वैतागेल. तिच्यासाठी मजकूर वाचून दाखवणारं साधन हवं, आणि त्यातली चांगली साधनं तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुधा आधीच आहेत.

वर्डमध्ये 'रीड अलाउड' आहे. कंट्रोल + ऑल्ट + स्पेसने सुरू होतं, कंट्रोल + स्पेसने थांबतं आणि पुन्हा चालू होतं, कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण दाबला की मागे-पुढे जातं, ऑल्ट + बाणाने वेग बदलतो. म्हणजे वरची पाचही कामं बटणांवर आहेत. मराठी मजकुरासाठी एज ब्राउझर बघा. त्यात कंट्रोल + शिफ्ट + यू दाबलं की वाचन सुरू होतं आणि मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. दोन्ही स्पष्ट आणि ऐकायला माणसासारखे आहेत, मात्र त्यांना इंटरनेट लागतं. ईपब (ई-पुस्तकांचा एक फाइल प्रकार) पुस्तकांसाठी थोरियम रीडर आहे, मोफत आहे. कर्झवाइल ३००० सारखी विकत मिळणारी सॉफ्टवेअर जास्त सोयी देतात, पण हे सगळं वापरून बघितल्याशिवाय तिकडे जाऊ नका. काय कमी पडतं हे कळल्यावर घेतलेली वस्तू वापरली जाते.

आवाज तिलाच निवडू द्या. वेगही.

कळफलक

फळा_खडूंशी सहमत. तांत्रिक बाजू मी लिहितो.

वर्डचे ते शॉर्टकट दोन-तीन बटणं एकत्र दाबायचे आहेत, ते तिला जमणार नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये 'कीबोर्ड मॅनेजर' आहे, मोफत. त्यात एका बटणाला अख्खा शॉर्टकट नेमून देता येतो. उदा. एफ ९ दाबलं की संगणकाला कंट्रोल + स्पेस दाबल्यासारखं वाटेल. नेमलेलं बटण सगळ्याच प्रोग्रॅममध्ये बदलतं, म्हणून एरवी कधी न लागणारी बटणं निवडा. एकाच बटणाने वर्डमध्ये एक आणि ब्राउझरमध्ये दुसरं काम व्हायला हवं असेल तर ऑटोहॉटकी हा मोफत प्रोग्रॅम वापरा. त्यात छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते, पण एकदाच.

आता यंत्र. यूएसबीने लागणारे बहुतेक वेगळे कीबोर्ड, स्विचचे डबे आणि मॅक्रोपॅड (मोजक्या बटणांचे छोटे कीबोर्ड) संगणकाला साधा कीबोर्ड म्हणूनच दिसतात. सॉफ्टवेअरला पत्ताच नसतो की पलीकडे मूठ आहे की कोपर. म्हणून 'हे सॉफ्टवेअर या कीबोर्डवर चालेल का' असं विचारू नका. 'हे काम कुठल्या बटणाने होतं' ते विचारा.

पाचच कामं असतील तर मी मोठे, सुटे स्विच सुचवेन. जवळजवळ सगळ्यांना ३.५ मिलिमीटरचा, जुन्या हेडफोनसारखा जॅक असतो. स्विच इंटरफेसचा डबा यूएसबीला लावायचा, स्विच त्यात खोचायचे. प्रत्येक स्विच तिचा हात जिथे जातो तिथे ठेवता येतो, हातवळण यांच्या कागदावरचे चौकोन तसेच्या तसे. कीबोर्डात बटणांच्या जागा ठरलेल्या असतात, इथे नाहीत. आधी स्वस्तात बघायचं असेल तर मेकी मेकी हा बोर्ड आहे. २०१२ मध्ये आला. तारा लावून कुठलीही वीजवाहक वस्तू स्पेस किंवा बाणाचं बटण होते. फॉइल लावलेला पुठ्ठाही चालतो. त्यावर बटणाचा आकार ठरवा, मग टिकाऊ स्विच घ्या.

एक सावधगिरी. जुन्या वस्तूंमध्ये इंटेलीकीज नावाचा रुंद, सपाट बोर्ड दिसेल. त्यावर छापील कागद बदलून बटणांची मांडणी बदलता यायची. अप्रतिम वस्तू होती, पण तिचं उत्पादन बंद झालंय. ओपनआयकीज नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प ती आजच्या संगणकांवर चालवायला मदत करतो. तो जोडून देणारं कुणी हाताशी असेल तरच घ्या.

डावखुरा_वाचक

मी कॉलेजात आहे, मलाही सीपी आहे, डावा हात चालतो. थोडा वेगळा सूर लावतो.

स्विच उत्तम, पण तिला तीन बटणांवर कायमचं थांबवू नका. माझ्या लहानपणी माझ्यापुढे 'पुढे' आणि 'थांब' एवढंच होतं आणि मोठ्यांना ते पुरेसं वाटायचं. वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतं ते 'मागे'. न समजलेलं वाक्य पुन्हा ऐकायचं, आवडलेलंही पुन्हा ऐकायचं. डोळ्यांनी वाचणारा माणूस दर ओळीत नकळत मागे जातो. आम्हाला त्यासाठी बटण लागतं, आणि ते कुणाला सांगून दाबून घ्यायचं म्हणजे 'मला कळलं नाही' असं प्रत्येक वेळी जाहीर करणं. म्हणून 'मागे'चा स्विच सगळ्यात सोप्या जागी ठेवा. माझं मत विचाराल तर 'वाच/थांब'पेक्षाही सोप्या जागी.

दुसरं, खूण करायचं बटण द्या. वाचता वाचता ती जागा रंगवता आली की अभ्यास होतो, नाहीतर नुसतं श्रवण होतं. वर्डमध्ये कंट्रोल + ऑल्ट + एचने निवडलेला शब्द हायलाइट होतो, तेही एका बटणावर बसवता येईल. लगेच नको, पण यादीत असू द्या.

लिहिण्याबद्दल एकच वाक्य, कारण पुढे ते येणारच : इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे आहेत, त्यामुळे एका हाताने लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षराला कीबोर्डच्या या टोकाहून त्या टोकाला जावं लागतं. तिच्यासाठी मांडणी निवडताना हे बघा.

फळा_खडू

डावखुरा_वाचक, 'मागे'बद्दल लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मी मुलांना नेहमी 'वाच/थांब'पासून शिकवत आले, आता क्रम बदलून बघते.

अक्षरजुळणी

सॉफ्टवेअर आणि स्विच दोन्ही बसवून झाल्यावर खरी अडचण मजकुराची येते, म्हणून आधीच सांगतो. धड्याची पीडीएफ दोन प्रकारची असू शकते. पान स्कॅन केलेलं असेल तर संगणकाच्या दृष्टीने तो फोटो आहे, आवाज येणार नाही. त्याला ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर काढावा लागतो. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली तर मजकूर सुटा मिळतो. टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत साधनही मराठी ओळखतं. मिळालेला मजकूर एकदा मूळ पानाशी ताडून बघा, जोडाक्षरं आणि रफार चुकतात.

दुसरा प्रकार जास्त फसवा. पडद्यावर मराठी सुरेख दिसते, पण फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असते. मग सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ वाचतं आणि सगळे आवाजाला दोष देतात. ओळखायची खूण : एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर ठीक, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली तर फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल.

शाळेकडे आणि ग्रंथालयाकडे ईपब किंवा डेझी (छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीचा डिजिटल पुस्तकांचा प्रकार) प्रत मागा. संकोच करू नका. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांना सोयीच्या प्रती मिळाव्यात म्हणून झालेला २०१३ चा आंतरराष्ट्रीय मराकेश करार फक्त न दिसणाऱ्यांसाठी आहे असं अनेकांना वाटतं. शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना पुस्तक धरता किंवा हाताळता येत नाही, त्यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या मुलीचा त्यात समावेश होतो.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदाची चाचणी केली. डावीकडचे तीन आणि समोरचा एक चौकोन थकल्यावरही जमतात, म्हणजे चार स्विच. 'मागे' समोर ठेवणार आहे. त्याची जागा तिनेच दाखवली.

दोन अडचणी आहेत. स्विच येईपर्यंत साध्या कीबोर्डवर पॉवरटॉइजने बटणं नेमून दिली. एक म्हणजे हात उचलला जात नाही, त्यामुळे 'मागे' एकदा दाबलं की तीन-चार परिच्छेद मागे जातं. दुसरं, मध्येच कीबोर्ड मेल्यासारखा होतो, काही दाबलं तरी हलत नाही. बंद करून चालू केला की ठीक. कीबोर्ड खराब आहे का?

कळफलक

कीबोर्ड ठीक असावा. ती उजवीकडच्या शिफ्टवर हात टेकवते का बघा. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज आपोआप चालू होतात आणि मग घाईत दाबलेली बटणं संगणक धरत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे फिल्टर कीजचा तो शॉर्टकट बंद करा. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर स्टिकी कीजची (एकत्र दाबायची बटणं एकामागून एक दाबू देणारी सोय) खिडकी येते, तिचाही शॉर्टकट बंद करा. नाहीतर ऐन वाचनात खिडकी समोर येईल.

पहिल्या अडचणीचं उत्तर मात्र त्याच फिल्टर कीजमध्ये आहे, फक्त त्या तुम्ही स्वतः, हव्या त्या वेळेला लावून चालू करायच्या. 'रिपीट कीज' मध्ये दाबून धरलेलं बटण पुन्हा-पुन्हा मोजणं बंद करता येतं. मग हात कितीही वेळ टेकलेला राहिला तरी एकच परिच्छेद मागे जाईल. हात थरथरून एकच बटण दोनदा लागत असेल तर 'बाउन्स कीज', चुकून घासून जात असेल तर 'स्लो कीज'. स्लो कीजची वेळ कमीत कमी ठेवून सुरुवात करा. जास्त ठेवली तर तिने बरोबर दाबलेलंही वाया जाईल आणि ती पुन्हा तुमच्याकडे बघेल.

पुढे स्टिकी कीज लागल्या तर त्यात 'दोन बटणं एकत्र दाबल्यास बंद करा' असा पर्याय असतो, तो काढून टाका. मुठीने दाबणाऱ्याच्या हातून त्या सतत बंद होतात.

हातवळण

आणि स्विच आले की ते टेबलाला घट्ट चिकटवा. वेल्क्रो किंवा न घसरणारी चटई चालेल. सरकणारा स्विच शोधण्यात हात दमतो. जागा पक्की झाली की टेबलावर रंगीत टेपने चौकट आखून ठेवा, म्हणजे शाळेत कुणीही मांडलं तरी 'मागे' तिथेच असेल.