जुनं नाट्यगृह: लोणा लागलेल्या भिंती, सागवानी कैच्या. सुरुवात कुठून?

कडीपाट: १९३०च्या सुमाराची वास्तू. चुन्यातल्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, लाकडी बाल्कनी. भिंतींना कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर आलेले क्षार), नंतर मारलेला सिमेंटचा गिलावा पोपडे धरून सुटतोय. ठेकेदार म्हणतो, केमिकल घालून परत सिमेंटच मारू, वर पीओपीचं छत. मूळ रूप घालवायचं नाहीये.

चुनाभट्टी: सिमेंट नकोच. आतली ओल अडते, आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि विटांचा भुगा होतो. आधी पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब काढा, निम्मं दुखणं तिथेच असतं. मग ओलीच्या रेषेच्या अर्धा मीटर वरपर्यंत गिलावा छिन्नीने उतरवा. ब्रेकर नको, विटा हलतात. सांधे १५-२० मिमी खरवडा आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवा. नंतर मुरवलेला चुना १, वाळू-सुरखी (विटांची भुकटी) मिळून ३. एक थर १०-१२ मिमी, त्यावर दहा-बारा दिवस ओलं गोणपाट. उन्हाने घाईत वाळला की केसासारख्या भेगा पडतात. शेवटी चुन्याचाच हात. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळं मुसळ केरात.

विंगेतला: कैच्यांची, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांची, भिंतीत गेलेली टोकं बघितलीत का? मध्ये लाकूड ठणठणीत आणि टोक कुजलेलं, हे नेहमीचं. हातोडीने ठोका. आवाज बद्द आला तर गिरमिटाने बारीक भोक पाडा. भुसा काळपट, ओलसर निघाला की समजा. कैचीला टेकू देऊन तेवढंच टोक कापा, जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडून स्टेनलेस बोल्टांनी आवळा, टोकाभोवती २५ मिमी मोकळी जागा ठेवा. पीओपीने कैच्या झाकल्या तर गळती कळेपर्यंत लाकूड गेलेलं असतं. शिवाय छत खाली आलं की आवाजही बदलतो.

रंगपट: वायरिंग शेवटावर ढकलू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५चं, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. केबल लोखंडी पाइपातून, रंगमंचाच्या दिव्यांना वेगळं पॅनेल. सुती पडदे पटकन पेटू नयेत म्हणून ते या पाण्यात भिजवून वाळवा: १० लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम बोरॅक्स, ३०० ग्रॅम बोरिक पावडर. पडदा धुतला की परत भिजवायचा. आधी एक पट्टी बाहेर नेऊन पेटवून बघा.

कडीपाट: पोत्यातला चुना चालेल?

चुनाभट्टी: चालेल, पण दोन आठवडे पाण्याखाली मुरवून. घेताना चिमूटभर चुन्यावर लिंबू पिळा. भरपूर फेसाळला तर हवा लागून मेलेला आहे, परत करा.